दारातला सोफा

प्रभात रोडवरच्या नव्या बंगल्यात सुनंदाला बघायला पाहुणे यायचे होते, आणि दिवाणखान्याचा सोफा अजून दारातच होता. दारापाशी नव्हे, अगदी दारात. अर्धा घरात, अर्धा व्हरांड्यात.

"फ्रान्सच्या राजाच्या महालात हुबेहूब असाच होता," सजावटकार दीनानाथ घाम पुसत म्हणाले.

"त्या राजाचं दार केवढं व्हतं, ते इचारलं का?" आतून मथुराबाईंचा आवाज आला.

मथुराबाई आत अडकल्या होत्या आणि त्यांचे यजमान आप्पासाहेब बाहेर. लोणी काळभोरहून पुण्यात आल्यापासून आप्पासाहेबांना एकच ध्यास लागला होता: आपला दिवाणखाना बघून बड्या लोकांनी तोंडात बोट घालावं. हमालांनी जोर लावला, तसा सोफ्याचा कोरीव, फुगीर मधला भाग चौकटीत घट्ट रुतला. मागच्या दाराने आत जावं, तर तिथे दीनानाथांनीच जुनी बाकडी आणि कपाटं रचून ठेवलेली. शेवटी आप्पासाहेबांनी धोतराचा सोगा सावरून सोफ्यावर पाय टाकला.

"मखमल! मखमलीवर पाय नको!" दीनानाथ ओरडले.

तेवढ्यात फाटकाशी मोटार थांबली. मुलगा श्रीनिवास, त्याचे वडील आणि आई सोजरबाई उतरले. सोजरबाई धापा टाकत पायऱ्या चढल्या, समोर मऊ जागा दिसली आणि त्या सरळ बसल्या. आप्पासाहेबांनी सोफ्यावरचा पाय हळूच मागे घेतला.

आता करायचं काय? मथुराबाई चहा घेऊन आल्या आणि सोफ्याच्या घरातल्या टोकाला टेकल्या. मोठ्या घरची माणसं म्हणून आठवडाभर त्या शुद्ध बोलायचा सराव करत होत्या. ऐन वेळी त्या सगळं विसरल्या.

"गुडघं दुखत्यात व्हय?"

"लई! आन् घरी बसायची चोरी हाय," सोजरबाई म्हणाल्या. "आमच्या मालकांनी असलंच धूड आणलंय. पाव्हण्यांबिगर कुणी टेकायचं न्हाई. मी आपली सतरंजीवर."

मथुराबाईंना हसू आवरेना. मग उंबऱ्यावरून बशा इकडून तिकडे जाऊ लागल्या, त्यांच्यामागून माहेरच्या गोष्टी. सुनंदा पोहे घेऊन आली, तर सोजरबाईंनी तिला हाताला धरून मधोमध, ऐन चौकटीत बसवलं. तिला हसताना बघण्यात श्रीनिवासचा चहा निवून गेला.

निघताना सोजरबाई म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय, दादा. फकस्त रुखवतात हा सोफा नको."

हसावं की रडावं, आप्पासाहेबांना कळेना. पण लेक हसत होती, म्हणून तेही हसले.

पाहुणे गेल्यावर चौकट काढायला सुतार आला. मथुराबाईंनी त्याला थांबवलं. करंडा आणून त्यांनी सोफ्याला हळदीकुंकू लावलं आणि हात जोडले.

"अहो बाई, मखमल!" दीनानाथ कळवळले.

"लई उपकार झालं तुमचं," मथुराबाई म्हणाल्या. "ह्यो आत गेला असता, तर मी सैपाकघरातच बसले असते."