नाही आली तर

आमच्या वरच्या मजल्यावरचे नरेंद्रभाऊजी साधं पाणी मागतानाही दोन वाक्यं बोलतात. "वहिनी, थंड पाणी असेल तर द्या. नसेल तर मी पिऊनच आलो असं समजा."

आधी मला वाटलं, टोमणा मारतात. मग कळलं, ही त्यांच्या कामाची सवय. मदन महाल मोहल्ल्यातल्या आमच्या घरात बसून ते दुकानांच्या वेबसाइट बनवतात. ब्राउझरला जावास्क्रिप्ट नावाची भाषा कळते, पण भाऊजी लिहितात वेगळ्याच भाषेत. कंपायलर नावाचं काहीतरी त्याचं जावास्क्रिप्ट करून देतं. मी गच्चीवर वड्या घालत होते तेव्हा त्यांनी समजावलं, "तुम्ही मनात मराठीत ठरवता अन् बड्या फुहाऱ्याच्या बाजारात हिंदीत भाव करता ना, तसंच."

हा कंपायलर म्हणे फार हट्टी. जी गोष्ट असेल किंवा नसेल, तिचं दोन्ही लिहा म्हणतो. असेल तर काय, नसेल तर काय. एक राहिलं की अडून बसतो. त्याच्या संगतीत भाऊजीही तसेच झाले. दूधवाला भैया "कल आऊँगा" म्हणाला की विचारतात, "और नहीं आए तो?" तिकडे ओमती भागात एका साखरपुड्याला गेले, तर मुलीच्या वडिलांनाच विचारलं, "अन् नाही जमलं तर?" तेव्हापासून आम्ही त्यांना शुभकार्याला नेत नाही.

दुपारी त्यांची खिडकी वेगळीच दिसते. स्टेशनावरून गाडीचा आवाज तरंगत येतो, पडदा फुगतो, आणि भाऊजी हनुवटीला हात लावून बसलेले असतात. जागे की झोपेत, मला सांगता येत नाही. वड्यांवरून ऊन हळूहळू सरकत जातं.

त्यांची मुलगी स्वरा भोपाळला आईजवळ राहते. आईवडील वेगळे झाले तेव्हा ती लहान होती. फोनवर भाऊजी मराठीत बोलतात, ती हिंदीत उत्तर देते. कळतं सगळं, बोलता येत नाही. परवा म्हणाली, "रविवार को शायद आऊँगी, पापा."

भाऊजींनी खोली झाडली, नवी चादर आणली, मिठाईवाल्याकडे खोव्याची जिलबी सांगून आले. मी वड्या उचलायला वर गेले, तर स्क्रीनसमोर नुसते बसलेले. माझ्या तोंडून कधी असा प्रश्न निघत नाही, त्या दिवशी निघाला.

"भाऊजी, अन् नाही आली तर?"

त्यांनी नव्या चादरीची सुरकुती सारखी केली. मग म्हणाले, "तेवढं लिहिलं नाही, वहिनी. लिहवत नाही."

"मग तुमचा कंपायलर?"

"अडून बसून राहिला ना."

मी ताट उचलून जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. "लिहा," म्हटलं, "नाही आली तर वहिनीकडे जेवण. आली तर दोघंही या."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला.

आज रविवार. वरची खिडकी सकाळपासून उघडी आहे. स्टेशनावर गाडीची शिटी झाली आत्ता, भोपाळची असेल. नसेल तर दुसरी येईल. कणीक मात्र मी स्वरा येणार असं धरूनच भिजवली आहे.