संशय बाकी

गुंडेराव सलोत्री माणसाच्या तोंडाकडं बघत नसत, कानाकडं बघत. आपण रामराम घालावा, घरची खुशाली सांगावी, आणि यांची नजर आपली कानाच्या पाळीवर. शीर कुठून जाते, सुई कुठं टोचली तर थेंब चटकन येईल, याचा अंदाज चाललेला.

सलोत्री म्हणजे ढोरांचे डॉक्टर. निजामाच्या अमलात हिंगोलीच्या ढोरांच्या दवाखान्यात ते सलोत्री होते आणि मी मुन्शी, म्हणजे नोंदवहीत लिहिणारा. दवाखान्यात एक पितळी खुर्दबीन होती, बारीक वस्तू मोठी करून दाखवणारी. ती आली आणि गुंडेरावांचा कुणाच्याही बोलण्यावर भरवसा राहिला नाही. शेतकरी सांगू लागला, "बैल चारा खाऊन न्हाई राहिला," की ते म्हणत, "तू नको सांगू. रगताला इचारू." मग बैलाच्या कानाला सुई, काचेवर थेंब आणि नळीला डोळा. बैलाचं झालं की ते बैलाच्या मालकाकडं वळत. लोक शहाणे झाले. ऐन वैशाखात माणसं कान बांधून दवाखान्यात येत. मी स्वतः बारा महिने मफलर वापरला, आणि घामोळ्यांचा त्रास काढला.

या नजरेपायी त्यांचं लग्न राहिलं. वसमतला मुलगी बघायला गेले होते. मुलगी पोह्यांची बशी घेऊन आली, आणि हे टक लावून तिच्या कानाकडं. बापाला वाटलं, पोराची नजर कुड्यांतल्या मोत्यांवर आहे. आजच हे, तर पुढं काय काय मागेल, म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी नकार कळवला. मी विचारलं, "मुलगी कशी होती?" तर म्हणाले, "शीर चांगली व्हती." त्यानंतर ते कुठं बघायला गेले नाहीत.

रक्ताबद्दल कुणी चुकीचं बोललेलं त्यांना सोसत नसे. एकदा पंगतीत तहसीलदार सहज म्हणाले, उंट काय नि घोडा काय, रक्त सगळ्यांचं सारखंच. गुंडेराव भरल्या पानावरून उठले, हात धुतले आणि दवाखान्यातून खुर्दबीन नि उंटाच्या, घोड्याच्या रक्ताच्या काचा उचलून मांडवात घेऊन आले. "बघा साहेब. मानूस, बैल, घोडा, सगळ्यांचे रगताचे दाणे गोल. उंटाचे लांबुळके, काकडीच्या बीसारखे. काहून? आठ दिवस पानी न्हाई भेटलं तरी लांबुळका दाणा शिरेतून बराबर सरकतो. अन् मंग उंट एका दमात हौद पिऊन घेतो, तवा दाणा फुगतो, पन फुटत न्हाई. बैलाचा फुटून गेला आसता." तहसीलदारांनी जिलबीच्या हातानं नळीत डोकावून पाहिलं आणि कबूल केलं, तेव्हा कुठं पंगत पुढं सरकली. काकडीची बी हा शब्द हिंगोलीत न्हाव्यापासून मास्तरापर्यंत सगळ्यांना पाठ झाला होता.

उंट गावात एकच उरला होता. पूर्वी तहसिलीत चार सांडण्या, म्हणजे स्वारीच्या उंटिणी होत्या, सेनगावकडच्या खेड्यांना समन्स नि टपाल पोचवायला. आता फक्त बिजली राहिली होती, आणि तिचा स्वार लालमिया. दोघंही म्हातारे. पावसाळ्यात काळ्या रानात उंटाचा पाय घसरतो, म्हणून चार महिने दोघं नुसते बसून असत.

अशाच एका श्रावणात बिजली आजारी पडली. ताप यायचा, जायचा, वशिंड खाली बसलं. गुंडेरावांनी कानाचा थेंब घेतला तर लांबुळक्या दाण्यांच्या गर्दीत दोऱ्यासारखे किडे वळवळताना दिसले. उंटाचा हा आजार जीव घेतो. त्यांनी कुठून कुठून पांढऱ्या भुकटीचं औषध मिळवलं, शिरेत सुया दिल्या, आणि तिच्याजवळ कडब्यावर बसून राहिले. दिवाळीला बिजली उठून उभी राहिली.

आणि नेमकी त्याच सुमाराला तहसिलीत मोटार आली. वरून हुकूम आला, सांडणी नीरोगी असेल तर लिलाव करा, इलाज चालू असेल तर संपेपर्यंत ठेवा. म्हाताऱ्या उंटाला कोण घेतो आणि कशासाठी घेतो, ते सांगायला नको. लालमियाची नोकरीही तिच्याबरोबरच जाणार होती.

तेव्हापासून दर गुरुवारी लालमिया बिजलीला घेऊन येई. गुंडेराव थेंब घेत, नळीत बघत आणि मला सांगत, "लिव्हा मुन्शी. संशय बाकी. पुढच्या गुरुवारी परत." दोन वर्षं मी हेच लिहिलं. बिजलीनं तोवर दवाखान्याचं कुंपण खाल्लं आणि आवारातल्या बाभळीला हात घातला होता. आजारी जनावर असं खातं का, असं मनात येई. पण मुन्शीनं लिहायचं असतं, म्हणून मी लिहीत होतो.

मग वरचे साहेब तपासणीला आले. सगळी नोकरी घोड्यांत गेलेले. बाभळीखाली रवंथ करणारी बिजली बघून त्यांनी नोंदवही मागवली. "ये बीमार है?" म्हणाले. "खून दिखाव."

लालमियानं बिजलीला खाली बसवलं. गुंडेराव सुई घेऊन जवळ गेले, तशी बिजलीनं आपणहून मान वळवली आणि कान त्यांच्या हाताशी आणला. थेंब काचेवर पसरला. साहेबांनी नळीला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले, आणि कपाळाला आठ्या घालून उठले.

"एक भी दाना गोल नहीं. पूरा खून बिगडा हुआ है. इलाज जारी रखो."

मी टाक खाली ठेवला. आता काकडीची बी निघणार, साहेब चिडणार, आणि संध्याकाळच्या आत बिजलीचा लिलाव पुकारला जाणार. गुंडेरावांचे ओठ हललेसुद्धा. त्यांनी लालमियाकडं पाहिलं, मग बिजलीकडं.

"जी हुजूर," ते म्हणाले.

साहेबांची मोटार वारंग्याच्या रस्त्याला लागल्यावर मी गुंडेरावांना विचारलं, "साहेब, काकडीची बी कुठं गेली?"

ते काच पुसत होते. पुसून झालेली काच त्यांनी पुन्हा पुसली. "दोन वरसांपासून तिच्या रगतात काही न्हाई, मुन्शी. साफ हाये."

"मंग लबाडी काहून?"

"लालमिया कुठं गेला आसता?" म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता, "अन् ह्या गावात मला पाहून सगळे कान झाकतात. तुमी बी. ती एकटी आपनहून पुढं करते."

माझा हात मफलरकडं गेला होता, तो मी खाली घेतला. वाईट वाटलं, खरं सांगायचं तर लाजही वाटली.

पुढच्या थंडीत बिजली म्हातारपणानं गेली. लालमिया कळमनुरीला लेकीकडं राहायला गेला. जाताना त्यानं गुंडेरावांचा हात बराच वेळ धरून ठेवला होता.

मग गुरुवार आला. गुंडेरावांनी सवयीनं सुई उकळून घेतली, काच पुसली आणि खुर्दबीन उजेडाकडं वळवून बसले. फाटकातून कुणी आलं नाही. मी वही उघडून बसलो होतो. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. शेवटी मी उठलो, माझं स्टूल त्यांच्यासमोर ठेवलं, मफलर सोडला आणि मान वळवून कान पुढं केला.

"बघा बरं जरा," म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग सुई टोचली. इतकी वर्षं भ्यालो, पण दुखलं काहीच नाही. त्यांनी थेंब काचेवर ओढला, वाळवला आणि नळीत बघत बसले. मी विचारलं, "काय हाये?"

"लिव्हा मुन्शी," ते नळीतून डोळा न काढता म्हणाले. "संशय बाकी. पुढच्या गुरुवारी परत."