मखमलाबादकर तिडके यांच्या फुटरेस्ट मोहिमेची हकीकत

श्री सप्तशृंगी प्रसन्न. तमाम सुज्ञ वाचकांस विदित व्हावे की, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, आश्विन मासी, नाशिक प्रांती, मौजे मखमलाबाद येथे एक उंच मोटारसायकल, दोन गुडघे आणि एक संसार यांवर जो बाका प्रसंग गुदरला, तो जैसा घडला तैसा, पदरचे काही न घालता, येथे लिहिला जात आहे. चित्त देऊन श्रवण करावे.

राजमान्य राजश्री भारतराव फकिरा तिडके हे झेंडू आणि कोथिंबीर पिकविणारे नामांकित बागाईतदार, देहाने ताडमाड आणि पायांनी विशेष लांब. त्यांच्या मळ्याची वाट पावसाळ्यात ऐसी बिघडे की साधी दुचाकी निम्म्या चाकापर्यंत चिखलात कैद होई. म्हणोन रावांनी गतसाली डोंगरदऱ्यांत फिरावयाची, दातेरी टायरांची, जुनी परंतु दमदार अशी मोटारसायकल पसंत करून घरी आणिली. ती बांध ओलांडी, ओहोळ ओलांडी आणि फुलांचे क्रेट घेऊन पहाटे पंचवटीच्या बाजारात दाखल होई. गावात रावांचे म्हणणे फारसे कोणी ऐकत नसे. ही गाडी मात्र ऐके, आणि म्हणोन रावांचा जीव तिच्यात गुंतला होता.

परंतु एक वैगुण्य होते. तिच्या रिकिबी, म्हणजे ज्यांवर स्वाराचे पाय टेकतात आणि ज्यांस हल्लीचे लोक फुटरेस्ट म्हणतात, त्या इतक्या वर व इतक्या पुढे होत्या की राव स्वार जाहले म्हणजे गुडघे हँडलास जाऊन भिडत. उभे राहून चिखल तुडवावा तर तोल पुढे जाई, आणि बसावे तर बाजारातून परतता परतता रावांची घडीची खुर्ची होई व ती उलगडावयास दोन माणसे लागत. मग रात्रौ रावांचे कण्हणे चाले, आणि कुटुंब सौभाग्यवती हर्षालीबाईसाहेब गुडघ्यांस तेल चोळीत बसत.

ऐसे पावसाळाभर चालिले आणि घटस्थापनेच्या दिवशी बाईसाहेबांचे धैर्य सुटले. त्यांनी ओट्यावरूनच फर्मान सोडिले ते येणेप्रमाणे: "गाडी तुमची, गुडघे तुमचे, अन् तेल मी चोळायचं? दसऱ्याला सोनं द्यायला वणीला माझ्या माहेरी जायचं हाय. जाता-येता एकदा जरी 'आई गं' कानावर आलं, तर गाडी महेशला देऊन टाकायची अन् मला स्कूटर आणायची." महेश म्हणजे बाईसाहेबांचे धाकटे बंधू, मुक्काम वणी, ज्यांची नजर त्या गाडीवर पहिल्या दिवसापासोन होती.

फर्मान ऐकोन रावांच्या तोंडचे पाणी पळाले. मग त्यांनी हातातील घास तैसाच टाकोन सातपूरचा रस्ता धरिला आणि पुंजाभाऊ नामे लेथ मशीनचे सरदार, त्यांच्या शेडमध्ये मसलतीस बसले. नवरात्रात पायी वहाण घालावयाची नाही ऐसा रावांच्या घराण्याचा नेम, सबब राव अनवाणी होते, आणि अनवाणीच गाडीवर बसोन त्यांनी माप दिले. पुंजाभाऊंनी टेप लाविला, पुन्हा लाविला आणि म्हणाले, "भारतभाऊ, हे पाय हाय का शिडी?" मग त्यांनी जाड लोखंडाचे दोन ब्रॅकेट कापोन, घासोन, वेल्डिंग करोन रिकिबी एक इंच खाली व बोटभर मागे नेऊन बसविल्या, आणि त्यांचे दाते उघड्या तळव्यांस चावू नयेत म्हणोन त्यांवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळिली.

पहिल्या स्वारीस घोर शिकस्त जाहली. रिकिबी खाली गेल्या, परंतु ब्रेकचा पेडल जागचा हालविला नव्हता, तो आता उंच राहिला आणि रावांचे पाऊल घरापासोन त्यावर दाबोन राहिले. राव पंचवटीत पोहोचले तो मागील चाकातून धूर निघत होता. फुलांच्या व्यापारी चिमणाबाई टोपली सारून म्हणाल्या, "भारत, फुलं आणली का धूप?" राव माघारी वळले आणि चाक थंड होताच पुन्हा सातपुरास गेले. मग पेडल खाली घेतला, गिअरचा दांडाही खाली घेतला, आणि दुसऱ्या स्वारीस मोहीम फळास आली. राव रिकिबींवर ताठ उभे राहोन बांध ओलांडू लागले आणि गाडी नुसत्या मांडीच्या इशाऱ्याने वळू लागली. घरी तेलाची बाटली फडताळातून खाली उतरली नाही. राव निर्धास्त जाहले.

दसरा उजाडला. झेंडू विकोन, गाडीस हार घालोन, नेम पुरा करोन राव सासुरवाडीस निघाले. जावयाने सणासुदीस चांगले दिसावे ऐसे मनात आणोन त्यांनी नवेकोरे, दोन बोटे जाड तळाचे बूट चढविले. मागे बाईसाहेब बसल्या आणि कूच जाहले.

दिंडोरी मागे पडली नाही तोच गुडघ्यांनी बंड केले. रावांस काही उमगेना. खड्डा आला आणि "आई..." ऐसा उद्गार निघाला, तो त्यांनी तत्क्षणी "...सप्तशृंगी" ऐसा पुरा केला. बाईसाहेबांनी क्षणभर विचार केला, परंतु देवीचे नाव होते म्हणोन हरकत घेतली नाही. ऐसा जप करीत राव वणीस पोहोचले, आणि गाडीवरून उतरावयास गेले तो पाय वळेनात.

फर्मानाची खबर आधीच लागलेले महेशराव अंगणात उभेच होते. "दाजी, उतरताय का क्रेन बोलवू?" ऐसे विचारोन ते हासले, आणि मग त्यांनी खिशातून आपल्या पुत्राच्या नावाचे, 'सार्थक' ऐशा सोनेरी अक्षरांचे स्टिकर काढोन भर अंगणात पेट्रोलच्या टाकीवर चिकटविले. बाईसाहेबांनी ते पाहिले.

"गाडी अजून आमच्या दारातून गेली नाय, अन् तू नाव टाकून मोकळा झाला?"

"ताई, आज ना उद्या माझीच हाय की. दाजींची चाल बघ ना."

बाईसाहेबांनी पदर कमरेस खोचिला. ज्यांस ह्या खोचण्याचा अर्थ ठाऊक होता ते राव घाबरले. महेशराव घाबरले नाहीत, हे त्यांचे दुर्दैव. मग सोने वाटोन, पुरणपोळी जेवोन सर्व निघाले तो उंबऱ्याबाहेर चपलांच्या रांगेत रावांचे बूट दोन ओट्यांप्रमाणे उभे दिसले. बाईसाहेबांनी एक बूट उचलिला, तळ बोटांनी मोजिला, मग रिकिबीपाशी जाऊन तीच बोटे ब्रॅकेटास लाविली आणि सर्व मामला त्यांच्या ध्यानी आला. जितके लोखंडाने जिंकिले, तितके बुटाने हरविले होते.

"अनवाणी बसा. बूट मी धरते."

"अगं, नवरात्र संपलं ना."

"तुमचं संपलं असंल, तुमच्या गुडघ्यांचं नाय."

मग राव अनवाणी स्वार जाहले, बाईसाहेब दोन्ही बूट उराशी धरोन मागे बसल्या आणि परतीचे कूच जाहले. गुडघ्यांचे बंड तेथल्या तेथे मोडिले. राव ताठ, मुद्रा प्रसन्न, तोंडातून अक्षर नाही. अवनखेडच्या पुढे मात्र एक गतिरोधक अंधुक उजेडात नजरेस आला नाही, गाडी उसळली, एक बूट उडोन बाईसाहेबांच्या हनुवटीवर बसला आणि "आई गं" हे शब्द स्पष्ट ऐकू आले.

फर्मान 'कानावर आलं' ऐसे होते. कोणाच्या तोंडून, हे त्यात लिहिले नव्हते. रावांनी आरशात पाहिले आणि शहाणपणाने नजर पुन्हा रस्त्यावर ठेविली. मग मागून निवाडा जाहला: "ते चालवणाऱ्यापुरतं होतं."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. रिकिबी एक इंच खाली व बोटभर मागे, कायम जाहल्या. आणखी खाली घेण्याची तजवीज पुंजाभाऊंनी करोन पाहिली, परंतु बांधावर वळताना रिकीब जमीन नांगरू लागली म्हणोन ती रद्द जाहली. राव पातळ तळाचे कापडी बूट घालोन बाजारास जातात; जाड बूट लग्नकार्यास राखून ठेविले आहेत. तेलाची बाटली फडताळात आहे. 'सार्थक' हे स्टिकर रॉकेलनेही निघाले नाही, तस्मात गड मखमलाबादचा आणि निशाण वणीचे, ऐसी आजची स्थिती असे. आणि तिडक्यांची कन्या सृष्टी, बापाच्या गाडीवर मामेभावाचे नाव म्हणोन, रोज रुसते.

हे लेखन कसबी नव्हे, परंतु खरे आहे. वाचणारांनी आपला वेळ खर्चोन शेवटपर्यंत साथ दिली, त्यांचे उपकार शिरी धरोन थांबतो.

लिहिणार, बारकू चिमाजी पिंगळे, मखमलाबाद.