मागून येणारा आवाज

चनबसप्पांची खरी अडचण ही होती की घरात वाद घालण्याजोगे कोणी उरले नव्हते. वजनमापांचे निरीक्षक म्हणून त्यांनी उभी नोकरी जिल्ह्यातले काटे तपासण्यात घालवली होती. वैरागच्या बाजारात कोणता व्यापारी अंगठ्याने तागडी दाबतो, हे त्यांना लांबून कळे. निवृत्तीनंतर हीच तपासणी त्यांनी घरात सुरू केली. भाकरीची जाडी, दुधाचे माप, घड्याळाची चाल यांपैकी काहीही निकालात निघाल्याशिवाय राहत नसे. पत्नी दाक्षायणी त्यांना उलट उत्तरे देई, आणि त्या उत्तरांवरच जुळे सोलापुरातल्या त्या छोट्या घराचा दिवस सुखाने सरत असे.

मग एका सोमवारी शेजारच्या मडिवाळप्पांकडे भजन होते. चनबसप्पा पेटीवर ओळ म्हणत होते आणि मंडळी मागून ध्रुवपद धरत होती. चनबसप्पांनी मध्येच पेटी थांबवली आणि साऱ्यांसमोर सांगितले, "दाक्षायणी, तू मागे पडतेस. लग्न झाल्यापासून पडतेस."

दाक्षायणीने टाळ खाली ठेवले. "मी मागं न्हाय पडत. तुमी फुडं पळताय," एवढेच ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीने चार दिवसांसाठी म्हणून दुधनीला भावाकडे निघून गेली. ते चार दिवस काही संपेनात.

चनबसप्पा एकटे राहू लागले. कुकरच्या शिट्ट्या पुऱ्या दमाच्या होत नाहीत असे ते म्हणत, आणि कुकर मुकाट्याने ऐकून घेई. दोघांचा भात टाकण्याची हाताची सवय मोडत नव्हती. जेवताना ते मोठ्याने म्हणत, "मीठ जास्त झाले आहे," आणि घास हातात धरून थोडा वेळ थांबत. समोरून काही येत नसे. मग ते जेवत.

फोन करणे म्हणजे माघार घेणे होते, आणि निरीक्षकाने पुराव्यावाचून माघार घ्यायची नसते. म्हणून त्यांनी पुरावाच तयार करण्याचे ठरवले. तेच भजन योग्य लयीत रेकॉर्ड करायचे आणि दुधनीला पाठवायचे. ते ऐकून दाक्षायणीला स्वतःची चूक कळेल, आणि चूक कळली की माणूस घरी येतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

मुलगा सोमेश बंगळुरूला गेल्यापासून त्याचा कॉम्प्युटर चादरीखाली झाकून ठेवलेला होता. चनबसप्पांनी चादर काढली, माइक जोडला, कॉम्प्युटरमधला तयार तबला लावला, कानांवर हेडफोन चढवला, आणि पहिल्याच ओळीला अडखळले. ते गात होते आत्ता, आणि त्यांचाच आवाज कानात येत होता मागाहून. त्यांनी सोमेशला फोन लावला.

"अप्पा, तो कॉम्प्युटर माझ्या कॉलेजच्या दिवसांतला आहे. आवाज आत जाऊन बाहेर यायला त्याला थोडा वेळ लागतो."

"थोडा म्हणजे किती? थोडा हे माप नव्हे."

"बफर कमी करा. तो आवाजाचा साठा असतो. तेवढा भरला की मगच आवाज पुढे सोडतो."

सोमेश सांगत गेला, चनबसप्पा करत गेले. बफर कमी करताच हेडफोनमध्ये ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी तडतड सुरू झाली. वाढवला, तेव्हा तडतड गेली, पण आवाज पूर्वीहून मागे पडला.

"मग असं करा," सोमेश म्हणाला, "स्वतःचा आवाज हेडफोनमधून बंदच करा. नुसता तबला ऐका आणि गा."

"स्वतःचा आवाज ऐकल्याशिवाय माणूस गाईल कसा?"

"दुसऱ्याचा ऐकून. अप्पा, आईला फोन केलात का?"

"इथे रेंज नीट नाही," असे म्हणून चनबसप्पांनी फोन ठेवला.

स्वतःचा आवाज बंद करणे त्यांना पटले नाही. त्यांनी तबलाच बंद केला. बाहेरचा गोंगाट नको म्हणून खिडक्या लावल्या, पुढच्या दाराला आतून कडी घातली आणि पंखाही थांबवला. कानात येणारा आवाज उशिरा येत असेल, तर तो येईपर्यंत थांबावे आणि मग पुढची ओळ घ्यावी, हा न्यायाचा मार्ग त्यांनी स्वीकारला. पण ते थांबले की आवाज आणखी मागे सरल्यासारखा वाटे, म्हणून ते आणखी थांबत. मध्येच ते कॉम्प्युटरला बजावत, "मागे पडू नकोस," आणि क्षणाने कॉम्प्युटर त्यांनाच तेच बजावी. पहिल्या खेपेला भजन संथ झाले, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला आणखी संथ होत गेले. दुपार कलली तेव्हा त्याची लय अशी झाली होती की एका ओळीत माणसाने चहा करून घ्यावा.

आता, त्या गल्लीत बंद दाराआडून दिवसाढवळ्या संथ भजन ऐकू येण्याचा अर्थ एकच होता. घरात कोणी गेले की अंत्ययात्रा निघेपर्यंत तिथे भजन म्हणायचे, ही तिथली रीत. शेजारच्या चंद्रिकाने दार वाजवून पाहिले. हेडफोनमुळे आतून उत्तर आले नाही. तिने मडिवाळप्पांना बोलावले.

"काका, आत अप्पा एकलेच हायत. अक्का तर दुधनीला."

मडिवाळप्पांनी कान लावला. "दुधनीवरनं कायतरी कळलं असणार. हाक मारू नको. भजन मोडू नये." त्यांनी घरून टाळ आणले आणि ओट्यावर बैठक मारली. आणखी दोघेतिघे येऊन बसले. चंद्रिकाने सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठले-भाकरी करायला घेतली, आणि हात रिकामा होताच दुधनीला दाक्षायणीच्या भावाकडे फोन लावला. फोन दाक्षायणीनेच उचलला.

"अगंबाई, अक्का, तुमी हाय व्हय?"

"मी हाय की. का गं?"

"मग गेलं कोण?"

"कोण गेलं?"

"तेच तर इचारतेय. अप्पा सकाळधरनं भजन म्हणतायत. दार लावून."

"कसं म्हणतायत?"

"लई सावकाश."

दाक्षायणीने साऱ्या संसारात नवऱ्याला सावकाश काही करताना पाहिले नव्हते. जेवणे, भांडणे, स्टेशनावर पोचणे, सगळे आधीच उरकलेले असे. "सावकाश?" तिने पुन्हा विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पायांत चपला सरकवल्या.

इकडे हेडफोनमधून टाळ ऐकू येऊ लागले, तेव्हा चनबसप्पांना कॉम्प्युटरचा संताप आला. आवाज मागे पाडतो तो पाडतो, वर पदरचे टाळ वाजवतो. पुढे त्याने चक्क पाचसहा माणसांच्या आवाजात ध्रुवपदही धरले. ते मात्र त्यांनी चालू दिले. कितीतरी दिवसांनी त्यांच्यामागे कोणीतरी गात होते.

मागल्या दाराची कडी खालून उचलली की निघते, हे दोघांनाच ठाऊक होते. दाक्षायणी त्या दाराने आत आली तेव्हा चनबसप्पा पाठमोरे, घामाने भिजलेले, डोळे मिटून गात होते. शेजारी कालचा भात झाकलेला होता. ती उभी राहून ऐकत राहिली. मग ध्रुवपद आले आणि सवयीने तिच्या तोंडून निघाले.

"मागे पडू नकोस," चनबसप्पा डोळे न उघडता कॉम्प्युटरला म्हणाले.

दाक्षायणीने त्यांच्या एका कानावरचा हेडफोन उचलला. "साकु," ती म्हणाली. पुरे झाले असे सांगताना तिच्या तोंडी नेहमी माहेरचे कानडीच येई. "कोण गेलंय?"

"कोणी नाही. मी पुरावा तयार करतो आहे."

पुढचे दार उघडल्यावर ओट्यावरची मंडळी उठून उभी राहिली. "वैनी, तुमी धडधाकट हाय ह्ये चंद्रिकानं सांगितलं आमाला," मडिवाळप्पा म्हणाले. "पर धरलेलं भजन सोडायचं कसं? आता गेलंय कोण त्ये सांगा, म्हंजी तसं बसू."

"कोण न्हाय गेलं, भावजी. आत या."

इतकी माणसे आयती जमलेली पाहून चनबसप्पांच्यातला निरीक्षक जागा झाला. हेडफोन त्यांनी काढून ठेवला. तबला स्पीकरवर लावला, मधोमध एक माइक ठेवला आणि सर्वांना सांगितले, "तबला, मी आणि ही, तिन्ही आवाज एकाच काट्यावर चढतील. उशीर झाला तर तिघांना सारखाच होईल. आता कॉम्प्युटरची सबब कोणाला नाही." भजन झाले. मग ते सर्वांसमोर परत लावले गेले.

दाक्षायणीचा आवाज बरोबर तबल्याच्या समेवर येत होता. चनबसप्पा तिच्या आधीच तिथे पोचून उभे होते. दर वेळी.

त्यांनी ते पुन्हा लावले. मडिवाळप्पांनी टाळांची दोरी बारकाईने तपासायला घेतली.

"दुधनीला पाठवणार हुता न्हवं?" दाक्षायणी म्हणाली. "पाठवा की. दादा ऐकंल."

चनबसप्पांनी कॉम्प्युटर बंद करून त्यावर चादर घातली. तोवर चंद्रिका पातेले घेऊन आली, आणि कोणी गेले नसले तरी पिठले वाया घालवणे बरे नव्हे असे ठरून मंडळी तिथेच पंगतीला बसली. दाक्षायणीने वाढले. चनबसप्पांनी पहिला घास घेतला.

"मीठ जास्त झाले आहे," ते म्हणाले, आणि घास हातात धरून थांबले.

"मीठ बरोबर हाय," समोरून दाक्षायणी म्हणाली.

"असेल," चनबसप्पा म्हणाले. तो शब्द आत जाऊन बाहेर यायला मात्र थोडा वेळ लागला.