विश्वेशची जाहीर नोटीस

गोविंदरावांनी चहात खारी बुडवली, पेपरचं चौथं पान उलगडलं आणि खारी कपातच राहिली. प्लॉट आणि बंगल्यांच्या नोटिशींच्या गर्दीत, ठसठशीत चौकटीत, त्यांच्या मुलाचं नाव होतं.

'तमाम लोकांस कळविण्यात येते की, विश्वेश गोविंद क्षेमकल्याणी, रा. नाशिक, हल्ली मुक्काम अमेरिका, हे तेथेच कायम राहू इच्छितात. सदर विश्वेशवर कोणाचा गहाण, दान, बक्षीस, वहिवाट वा अन्य हक्क असल्यास मुदतीत हरकत नोंदवावी. नपेक्षा सदर विश्वेश बोजारहित आहे असे समजण्यात येईल.'

विश्वेश संशोधनासाठी ज्या व्हिसावर गेला होता त्याला एक अट होती. काम संपलं की दोन वर्षं मायदेशी येऊन राहायचं. ती माफ व्हायला आपल्या सरकारचा ना-हरकत दाखला हवा होता. तो मिळाला की पोरगा तिथेच नोकरीला चिकटणार, आणि कॉलनीत गोविंदरावांची मान ताठ होणार. नाशकात तेव्हा असलं काम करणारा वकील सापडेना, म्हणून ते यादव वकिलांकडे गेले. वकिलांची हयात प्लॉटच्या खरेदीखतांत गेलेली. पण 'ना-हरकत' हा शब्द कानावर पडताच त्यांनी फाइल पुढ्यात ओढून घेतली होती.

गोविंदरावांनी तडक वकिलांना फोन लावला.

"हे काय छापलंत?"

"हरकत नाही असा दाखला मागायचा, तर आधी हरकती मागवायला नकोत?" वकील शांतपणे म्हणाले. "उद्या कोणी उपटलं म्हणजे?"

उद्याची वाट बघावी लागली नाही. दुपारीच नामपूरचे एक गृहस्थ दारात उभे राहिले. विश्वेश हे बंगल्याचं नाव असावं, अशी त्यांची समजूत होती.

"दादा, विश्वेश कोठे शे? रोडले लागीसन शे का?"

विश्वेश हा माणूस आहे हे कळल्यावर ते हिरमुसले, पण चहा पिऊनच गेले. 'बोजारहित' वाचून उपवर मुलींचे दोन बाप पत्रिका घेऊन आले. संध्याकाळी विंचूरहून गोविंदरावांचे जुने स्नेही खंडेराव तणतणत आले.

"ल्हानपणी माझ्या हिरीत बुडत व्हता, तवा म्या काढला. निम्मा पोरगा माझा हाय. मला न इचारता कसा देता?"

आपला मुलगा राज याच्या लग्नात विश्वेश नाचायला येईल, या बोलीवर खंडेरावांनी निम्मा हक्क सोडला. गोविंदराव घामाघूम झाले. त्यांच्या पत्नी सुधाताई मात्र येईल त्याच्यापुढे मुकाट्याने चहा ठेवत होत्या. व्हिसा मिळाला तेव्हा गल्लीभर पेढे त्यांनीच वाटले होते, त्यामुळे त्यांची काळजी गोविंदरावांना नव्हती.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी वकिलांचा फोन आला. एक हरकत आली होती, पक्की, बाजूला सारता येण्यासारखी नव्हती. गोविंदराव धापा टाकत कोर्टासमोरच्या ऑफिसचा जिना चढले. आत, मांडीवर पर्स घेऊन, सुधाताई बसल्या होत्या.

गोविंदराव मटकन समोरच्या खुर्चीत बसले. सुधाताई वकिलांकडे बघूनच बोलल्या.

"दोन वर्षं आईबापांकडे जाऊन राहा, असं ते परकं सरकार म्हणतंय. आणि आपण वकील लावून ते माफ करून घेतोय."

"मला कधी बोलली नाहीस," गोविंदराव कसेबसे म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत? यांनी निदान पेपरात तरी विचारलं."

वकिलांनी घसा खाकरला. बाईंची समजूत घाला, हरकत मागे घेतल्याचं लिहून घेऊ, दाखल्याचं काम पुढे नेऊ, असं त्यांनी सुचवलं. गोविंदरावांनी बायकोकडे पाहिलं. विश्वेशच्या खोलीतली गादी ती दर रविवारी उन्हात का घालते, हे त्यांना आत्ता कळत होतं. आणि त्या गादीवर दुपारी आपण का जाऊन पडतो, हेही.

"मुदत संपली का हो?" त्यांनी विचारलं.

"पाचपर्यंत आहे."

"मग माझीही हरकत लिहून घ्या."

आपला अशीलच हरकत घेतो, असं यादव वकिलांनी उभ्या हयातीत पाहिलं नव्हतं. पेनचं टोपण काढून ते तसेच बसून राहिले, आणि मग त्यांनी तीन चहा सांगितले.