सत्तेचाळीस टक्के

वाचकहो, बाबांना दारापर्यंत चालवण्याची जी युक्ती मला सुचली, ती फिजिओथेरपीच्या बाईंनाही सुचली नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगतो!

पक्षाघातानंतर बाबांचा उजवा पाय हट्टी कारकुनासारखा झाला होता. अर्ज पोचायचा, काम व्हायचे नाही. "ताल ऐकवा, तालावर पाय उचलतो," असे बाई सांगून गेल्या. शुक्रवारी त्या पुन्हा येणार होत्या. तोवर पलंगापासून दारापर्यंतची सोळा पावले जमली नाहीत, तर दादा बाबांना शुश्रूषाकेंद्रात नेणार होता. तिथली खाट ठरलीही होती.

माझ्या फोनमध्ये एक खेळ आहे. एक निळा चौकोन धावतो. ठोक्यावर बोट टेकवले की तो काट्यांवरून उडी मारतो. चुकलात की ठिकऱ्या, संगीत बंद, पुन्हा पहिल्यापासून! मित्र नसलेल्या माणसाला असे खेळ फार जवळचे वाटतात. खेळाच्या सत्तेचाळीस टक्क्यांपुढे मात्र मी कधीच गेलो नव्हतो.

मी खेळू लागलो आणि बाबांनी पाऊल उचलले! दोन, चार, सात... चौकोन फुटला. बाबा बगळ्यासारखे एका पायावर थबकले आणि आईच्या खांद्याला धरून माघारी वळले.

"अहो, मागे कुठे?"

"पहिल्यापासून," बाबा म्हणाले.

बाबांनी तीस वर्षे टंकलेखन शिकवले. एक अक्षर चुकले की अख्खे पान पुन्हा!

"अरे, नीट खेळ ना!" आई कळवळली. "जन्मभर खेळलास, आता बापासाठी खेळायचं तर हात कापतात!"

"मनगट सैल सोड," बाबा म्हणाले. "पडद्याकडे बघू नकोस. ऐक."

बावीस वर्षांत ते माझ्याशी सलग इतके कधी बोलले नव्हते. चार दिवस आम्ही दोघे त्या सातव्या पावलावर एकत्र मरत राहिलो.

शुक्रवारी बाई वही उघडून बसल्या. दादा पिशवी भरून उभा. माझा अंगठा घामाने निसटला. तिसऱ्याच ठोक्याला ठिकऱ्या!

"काका, छान चालताय की! मागे का वळलात?" बाईंनी विचारले.

"पहिल्यापासून."

असे सहा वेळा झाले. बाईंनी वहीत 'जास्तीत जास्त सात पावले' लिहिले आणि मला विचारले, "पण तुम्ही नुसतं गाणंच का नाही लावलंत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी ठिकऱ्यांकडे. दादाने पिशवी उचलली.

पलंगावरच्या चादरीची आईने घडी घातली, ती अजून तशीच आहे.

रविवारी केंद्रातून बाबांचा फोन आला. "पोचलो रे दारापर्यंत! तोच खेळ. शेजारच्या खोलीतल्या आजी खेळल्या."

"किती वेळा चुकल्या?"

"एकदाही नाही."

मग त्यांनीच विचारले,

"मनगट सैल ठेवतोस ना?"

"ठेवतो, बाबा," मी म्हणालो. "काल अठ्ठेचाळीस झाले!"