लहानूभाऊंची खाडी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, नाहीतर पुढे धीर होणार नाही. लहानूभाऊंची खाडी मी आटवली. चांगली भरल्या पाण्याची खाडी होती. ऐन उन्हाळ्यात, माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून, एका बोटाने आटवली.

तुम्ही म्हणाल, गडचिरोली जिल्ह्यात खाडी कुठली? बरोबर आहे. आमच्या गावाला वैनगंगा आहे, माजी मालगुजारांचा मामा तलाव आहे, धानाच्या बांध्या आहेत. समुद्राकडे जायचं तर कोणत्याही बाजूने निघा, डबा बांधूनच निघावं लागतं. तरीही आमच्या गावात सकाळच्या पहिल्या चहाबरोबर जी बातमी येते, ती कोकणातल्या एका खाडीची असते.

लहानूभाऊ नदीवरून येतात. डोक्याला दुपट्टा, खांद्यावर ओलं जाळं. गीताबाईंच्या टपरीसमोर उभे राहतात, घसा खाकरतात आणि कोणी विचारो न विचारो, सांगून टाकतात.

"आज आपल्या खाडीले भरती जेवनाच्या टायमाले हाय. वारा खालून. पान्याचा रंग मोहफुलं भिजू घातल्यावानी. जिताडा लागन, बोय नाई लागत."

मग बाकावर बसतात आणि चहा बशीत ओततात. जिताडा आणि बोय हे खाऱ्या पाण्यातले मासे. आमच्या गावात ते कोणी पाहिलेले नाहीत, लहानूभाऊंनीही नाहीत. खारं पाणी त्यांनी फक्त लोणच्याच्या बरणीत पाहिलं आहे. उभा जन्म वैनगंगेत डोंगा चालवण्यात गेला. एकदा नागपूरला गेले होते, तर तिथल्या नळाच्या पाण्याला चव नाही म्हणून काम अर्धं टाकून परत आले. पण 'आपली खाडी' म्हणताना त्यांचा आवाज असा लागतो, की ती त्यांच्या वाडीत मागच्या दाराशी असावी.

एकदा एका पोराने विचारलं, "भाऊ, तुमी पाह्यली का खाडी?"

"पाहाले कायले पाह्यजे? तुनं तुह्या पंज्याले, आज्याच्या बापाले, पाह्यलं का? होता ना तो?"

पोरगं घरी विचारायला गेलं.

भरती-ओहोटीवर लहानूभाऊ फक्त मासेच नाही, सगळं गाव चालवत. बँकेत निघालेल्या माणसाला ते हाक मारत, "कुठी चाल्लास? आता ओहोटी लागली. जाशीन तं काम नाई होत." माणूस तरी जायचा आणि सर्वर बंद म्हणून परत यायचा. आमच्या बँकेत सर्वर बंद पडायला ओहोटीची गरज नसते, पण मान लहानूभाऊंना मिळायचा. गीताबाईंची शेळी अडली तेव्हा सगळे घाबरले होते. लहानूभाऊ म्हणाले, "घाबरू नोका. भरती लागू द्या, मंग मोकळी होते." झाली. दोन पिल्लं, दोन्ही पाठी. तेव्हापासून गीताबाई त्यांच्या चहात साखर न विचारता जास्त टाकतात.

मे महिन्यात तर त्यांना बहर यायचा. आमच्याकडचा मे म्हणजे अंगणात पापड टाकला तर तो वाळायच्या आधी भाजून निघतो. सगळं गाव सावलीला पडलेलं असायचं आणि लहानूभाऊ टपरीवर खाडी उलगडून सांगत असायचे.

"उन्हाळ्यात खाडीची मजाच अलग असते गा. वरून नदीचं गोडं पानी कमी होते. मंग खारं पानी लांबवरी आत घुसते. त्याच्यासंग समुद्रातले मासे बी येते, लगनातल्या पाहुन्यावानी. पन दुपारी वारा सुटते. मनून होडी सकारीच काढा लागते. दुपारी काढली तं गेला मानूस."

"तुमाले एवढं कोन सांगते?"

"जावई. पान्यातला मानूस हाय तो."

या जावयाची गोष्ट गावाला माहीत होती. लहानूभाऊंची एकच पोरगी, शालू. आई ती लहान असतानाच गेली. लहानूभाऊ तिला डोंग्यात बसवून नदीवर न्यायचे. ते जाळं टाकायचे आणि ती टिनाच्या डब्याने डोंग्यातलं पाणी उपसायची. त्यांचा डोंगा नेहमीच गळका. पुढे शालू शिकली, नर्स झाली, कोकणातल्या दवाखान्यात लागली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवून मोकळी झाली. लहानूभाऊंनी इकडे नात्यातल्या एका घरी शब्द दिला होता. "त्या खाऱ्या पान्याले मी पाय नाई लावत," असं म्हणून ते लग्नाला गेले नाहीत. बापलेकीचं बोलणं तिथेच थांबलं.

काही महिन्यांनी जावयानेच धीर करून फोन केला. लहानूभाऊंना बोलायचं नव्हतं आणि फोन ठेववतही नव्हता. तेव्हा एका मासेमाराने दुसऱ्याला विचारावं ते त्यांनी विचारलं, "पानी कसं हाय?" जावयाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी यांनी स्वतःच फोन लावला. तेव्हापासून रोज सकाळी हातपंपाजवळच्या कडुनिंबाखाली उभे राहून, बटणाचा मोबाइल कानाला दाबून, फोनशिवायही कोकणात ऐकू जाईल अशा आवाजात लहानूभाऊ विचारत.

"हालो! पानी कसं हाय?... हं... वारा?... हं... बरं."

खट्. राम राम नाही, कशी आहे नाही, काही नाही. तिथून तडक टपरीवर आणि मग बातमी.

आता माझ्याकडे येतो. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो, मोबाइल चालू करून देतो. दुकानदारी म्हणून कमी आणि खोड म्हणून जास्त. कोणाचं काही अडलेलं दिसलं की माझी बोटं शिवशिवतात. माझी बायको म्हणते, "तुमी लोकाइची एवढी सोय करता, की त्याइले आपल्याच घरात काई काम नाई उरत." मला ती स्तुती वाटायची.

गेल्या उन्हाळ्यात लहानूभाऊंचा बटणाचा मोबाइल वैनगंगेत पडला. नवा, मोठ्या काचेचा घेऊन ते दुकानावर आले.

"राजू, जावयाचा नंबर टाकून दे याच्यात."

मी नंबर टाकला. तिथे थांबलो असतो तर हे लिहावं लागलं नसतं. पण बोटं शिवशिवली. मी भरती-ओहोटीचं एक ॲप शोधलं, उतरवलं, आणि पायरीवर उभं राहून टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हे पाहा भाऊ! भरती, ओहोटी, वारा, सारं इथीच. आता रोज सकारी जावयाले उठवाची गरज नाई!"

टपरीवर हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "सुटला बिचारा जावई! आता झोपन निवांत."

लहानूभाऊंनी काचेकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मनजे आता फोन नाई करा लागत?"

"अजिबात नाई!" मी म्हणालो. काय तो माझा आवाज! आठवला की आजही कान गरम होतात.

"बरं," लहानूभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काचेवरचे आकडे अडखळत वाचून दाखवले. भरतीची वेळ होती, वाऱ्याचा वेग होता. मोहफुलं नव्हती. तिसऱ्या दिवशी अर्धंच वाचलं. मग ते कडुनिंबाकडे पाठ करून नुसते चहा पिऊ लागले. "काय भाऊ, खाडी काय मनते?" म्हणून कोणी विचारलं तर म्हणत, "पाह्य ना मोबाइलात. सारं इथीच हाय." बँकेत जाणारे बँकेत गेले, त्यांना कोणी अडवलं नाही. गीताबाई माझ्या चहात साखर कमी टाकू लागल्या. मला वाटलं, साखर महागली असेल.

आणि मग एका दुपारी शालूचा फोन आला. माझा नंबर तिच्याकडे जुन्या फॉर्मांच्या वेळेपासून होता.

"काका, बाबा बरे हायेत ना? फोनच नाई येऊन राह्यला त्याइचा."

मी आनंदाने सांगितलं की ठणठणीत आहेत, त्यांना ॲप घेऊन दिलंय, आता जावयाला त्रास नाही.

"काका," ती म्हणाली, "आमचे हे एसटीत कंडक्टर हायेत. होडीत बसले तं त्याइले उलटी होते."

"मंग रोजचं पानी कोन सांगे?"

"मी सकाळीच धक्क्यावर जाऊन पाहून येते. तिथल्या बायाइले विचारते. मंग याइच्याकडून पाठ करून घेते. फोन स्पीकरवर राह्यते. मी बाजूले डबा भरत ऐकते. बाबा काय, दोनच शब्द बोलते. पन आवाज तं ऐकू येते."

"अन् तू काऊन नाई बोलत?"

"ते विचारतच नाई ना, काका. एक डाव मनले असते, शालू कुठी हाय, तं मी मनलं असतं, इथीच."

मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं. त्या दिवशी माझ्याकडून कोणाचीही सोय झाली नाही.

मी ज्यांच्यासमोर शहाणपणा केला होता, त्यांच्यासमोरच माफी मागायची होती. पण शालूचं गुपित फोडायचं नव्हतं. शोधल्यावर एक खरी गोष्ट हाताला लागली. सकाळी लहानूभाऊंपुढे जाऊन उभा राहिलो.

"भाऊ, माहं चुकलं. ते ॲप समुद्राच्या तोंडावरल्या बंदराचं पानी सांगते. तुमची खाडी आत हाय. तिथवरी भरती पोचाले उशीर लागते. मी तुमाले भलतंच पानी देऊन बसलो."

लहानूभाऊंनी बशी खाली ठेवली.

"मनजे इतके दिवस आपन लोकाइले खोटं पानी सांगून राह्यलो होतो?"

"माह्यामुळं."

"मंग खरं पानी कोन सांगन?"

"तिथलंच मानूस सांगन, भाऊ. त्याले विचारल्याबिगर नाई समजत."

ते उठले आणि मोबाइल काढत कडुनिंबाकडे निघाले. मी मागोमाग गेलो. ऐकू येईल न येईल असं ते पुटपुटले, "तिकीट फाडनाऱ्याले काय समजते पान्यातलं."

मी जागीच थांबलो. "तुमाले मालूम हाय?"

"बह्याड हायेस का बे राजू? कोकनात कोनी मोहफुलं भिजू घालते का? पान्याचा रंग तसा पाहाले म्याच शिकवलं तिले. डोंग्यात बसवून." नंबर लावून त्यांनी मोबाइल माझ्या हातात कोंबला. "तुनं बिघडवलं. तूच माफी मांग."

घंटी पुरती वाजलीही नाही. "हालो?" शालूच होती.

मी म्हणालो, "शालू, बाबाचा फोन माह्यामुळं बंद होता. त्याइचा काई दोष नाई. मले वाटलं, त्याइले फक्त भरतीचा टाइम पाह्यजे. माहं चुकलं, बाई. माफ कर मले."

ती म्हणाली, "काका, तिथी पानी कसं हाय?"

माझं दुकान नदीपासून हाकेवर आहे, पण मला सांगता येईना. मी मोबाइल पुढे केला. "भाऊ, आपल्या नदीचं पानी विचारून राह्यली. मले नाई सांगता येत."

लहानूभाऊंनी मोबाइल घेतला. तोंड कडुनिंबाच्या खोडाकडे वळवलं. टपरीवर बातमी देताना खाकरतात तसा घसा खाकरला, पण आवाज फुटला तो अगदी हळू, मलाही कान द्यावा लागला.

"पानी डोहातच हाय आता. निवळ हाय. मरळ लागते थोडी थोडी." मग म्हणाले, "डोंगा गळून राह्यला, शालू. उपसाले कोनी नाई."